टोपण लावून काढलेला फोटो

कोल्हापुरात गंगावेशीत 'राजमती फोटो स्टुडिओ' म्हणून एक दुकान आहे. पाटीवर आईचं नाव आणि आत लेकाचा पसारा. हा लेक म्हणजे बाबासो मगदूम, वय वर्षं एकसष्ट. आम्ही दोघंही मूळचे कुरुंदवाडचे. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान, म्हणून मला आण्णा म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही. मी रोज सकाळी त्याच्या दुकानात पेपर वाचायला जातो, त्यामुळं या माणसाचं अडाणीपण मी जवळून, फुकट आणि पोटभर बघितलेलं आहे.

पस्तीस वर्षं हा लग्नाचे फोटो काढतो. नवऱ्या मुलाच्या आधी मांडवात हजर आणि शेवटच्या पंगतीपर्यंत मुक्काम. फोटो मात्र चांगले काढतो. हे एकदाच लिहिलं, परत लिहिणार नाही.

त्याचा कॉम्प्युटर उघडला की मागचं चित्र दिसत नाही, इतके फोल्डर. 'नवीन', 'नवीन नवीन', 'हे खरं नवीन', 'लग्न', 'लग्न दुसरं', 'हात लावू नये', 'पावणं'. एकदा मी विचारलं, "बाबासो, ह्या पावणंमधी काय हाय रं?"

"बघितलं न्हाय आण्णा. पावण्यांच्यात कशाला डोकवायचं?"

आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत बसायच्या. त्यात एका गुरुजींची म्हैसही यायची, पण ती गोष्ट निराळी. सांगायचं ते हे, की कुठलं पोर कुठल्या इयत्तेतलं हे गुरुजींना छडी उचलताना बरोबर कळायचं. बाबासोला सव्वा लाख फोटोंत तेवढंही कळत नव्हतं. विचारलं की कपाळावर बोट ठेवायचा. "सगळं हितं हाय की!"

गेल्या वैशाखात त्या कपाळाची परीक्षा झाली. झुंबरबाई आली. तिचा नवरा सयाजी लग्नांत फेटे बांधायचा. एका मांडवात शंभर डोकी सजवायची आणि आपण उघड्या डोक्यानं घरी जायचं, असा माणूस. तो वारला त्याला वर्ष होत आलं होतं. नऊ दिवसांवर वर्षश्राद्ध, आणि घरात फोटो एकच, ओळखपत्रावरचा. तो मोठा केला की सयाजीच्या जागी नुसता डाग दिसायचा.

"बाबासोभाऊ, मुरगूडच्या लग्नात तुमी त्यांचा फोटो काढलासा. 'आज माझाबी फोटो निघाला' म्हणून घरी येऊन सांगितलं हुतं त्यांनी."

"कवाचं लग्न, मावशी?"

"ते मला काय म्हाईत? आमरस हुता म्हणत हुते."

"मुरगूडची चाळीस लग्नं केल्यात मी!"

"मग चाळीस बघा की."

तीन दिवस शोधलं पठ्ठ्यानं. 'लग्न दुसरं'मध्ये बारशी निघाली, 'हे खरं नवीन'मध्ये आठ वर्षांपूर्वीचं डोहाळजेवण. चौथ्या दिवशी म्हणाला, "मावशी, फोटो काय गावना बघा."

झुंबरबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बाकावर बसली. म्हणाली, "वरीस झालं, भाऊ. नाक आठवतं, डोळं आठवत्यात. पन सगळं मिळून त्यांचा चेहरा हुईत न्हाय बघा."

मी पेपर घडी घालून ठेवला आणि माझ्या नातीला फोन केला.

आदिती इचलकरंजीला सुताच्या एका पेढीत कॉम्प्युटरचं काम बघते. शनिवारी संध्याकाळी आली. स्क्रीन बघून म्हणाली, "काका, हे काय आहे?"

"आयुष्याची कमाई, बाळ."

"उकिरडा आहे हा."

रक्त माझंच. पहिल्यांदा तिनं सगळ्या फोटोंची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करायला लावली. रविवारी सकाळी झुंबरबाईही येऊन बाकावर बसली, आणि आदितीनं त्या नकलेवर चालवायला वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर मुकादमाला एकदाच समजावून ठेवायचं: प्रत्येक फोटो उचल, त्याच्या पोटात कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख वाच, त्या साल-महिन्याच्या फोल्डरात नेऊन ठेव. हा मुकादम तंबाखू मळत नाही, एवढाच फरक.

"वीस वळीत माझं आयुष्य बसवणार व्हय गं?" बाबासो फुगून म्हणाला.

चहा येईपर्यंत काम झालंसुद्धा. फोल्डर तयार झाला एक. जानेवारी २०१२. सव्वा लाखच्या सव्वा लाख फोटो त्यात.

"काका, कॅमेऱ्यात तारीख कधी लावली होती?"

"तारीख कशाला लावायची? पत्रिकेवर असती की."

कॅमेऱ्यातला लहान सेल मेलेला. बॅटरी काढली की तारीख परत एक जानेवारीवर. कॅमेरा दरवेळी विचारायचा, हीच तारीख का? आणि हा गृहस्थ बारा वर्षं 'ओके' दाबत आला. जिल्ह्यातली सगळी लग्नं एकाच महिन्यात उरकली त्यानं! मी इतका हसलो की कवळी हलली. मग झुंबरबाईकडं लक्ष गेलं. ती आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. हसू आपोआप थांबलं.

आदिती मूळचे फोल्डर चाळत बसली. मध्येच म्हणाली, "हे काळे फोटो कसले? सारखे येताहेत."

बाबासोनं मान खाली घातली. हे मला माहीत होतं, आणि यावरून मी त्याला वर्षानुवर्षं पिडलेलं. रोलच्या काळात हा एक काम संपलं की लेन्सवर टोपण लावून एक फोटो मारायचा. रोलचे फोटो छापले की काळी चौकट दिसायची: इथनं दुसऱ्याचं लग्न. रोल गेले, डिजिटल आलं, याचं टोपण काही सुटलं नाही. "अरे, आंधळ्याचा फोटो काढतोस व्हय?" म्हणायचो मी.

"सवय हाय," तो पुटपुटला.

आदिती मात्र ताठ बसली. "काका, काळ्या फोटोत काहीच नसतं, म्हणून त्याची फाईल एवढीशी असते. बाकीच्या दहापट मोठ्या." तिनं चार ओळी बदलल्या. आता मुकादमाला हुकूम असा: तारीख बघू नकोस, कॅमेऱ्यानं दिलेल्या नंबरानं ओळीत चाल, एवढीशी फाईल भेटली की नवा फोल्डर उघड.

चारशे बारा फोल्डर झाले. लग्नाच्या प्रत्येक फोल्डरात पहिला फोटो पत्रिकेचा, कारण मांडवात शिरल्या शिरल्या बाबासो आधी पत्रिकेचा फोटो घेतो. पत्रिकेवर गाव, तारीख, सगळं. मुरगूडची निघाली अडतीस. झुंबरबाई खुर्ची ओढून स्क्रीनपुढं बसली. सत्ताविसाव्या लग्नात तिनं आदितीचा हात धरला.

सयाजी. नवऱ्या मुलाच्या डोक्यावर वाकलेला, फेट्याचं टोक दातांत धरलेलं, गाल ताणलेले, आणि त्या डोक्याच्या आकाराबद्दल चेहऱ्यावर पूर्ण नापसंती.

"मावशी, तोंडातलं कापड काढून टाकतो," बाबासो घाईनं म्हणाला. "मागं फुलं घालतो, जरा हसरं करतो..."

"हात लावू नगासा!" तिनं बोट काचेवर टेकवलं. "असंच हुते. तोंडात कापड धरून भांडायचे माज्याशी. एक शबुद कळायचा न्हाय."

श्राद्धाला आम्ही तिघं गेलो. पाटावर तोच फोटो, त्याला हार. भाऊबंद कुजबुजत होते, दातांत फडकं धरलेला फोटो कुणी लावतं का म्हणून. झुंबरबाई प्रत्येकाला सांगत होती, "चेहरा बघा की, चेहरा."

आदितीनं नवा सेल घालून, तारीख लावून दिलेला कॅमेरा बाबासोनं बाहेर काढला. पाटाचा एक फोटो घेतला. मग सगळ्यांदेखत लेन्सवर टोपण लावलं आणि खटकन बटण दाबलं.

मी हसलो नाही. घरी येऊन हसलो.