अठ्ठ्याहत्तर किलो

सूत विकत घेताना मी माझा खरा आकडा आधी कधीच सांगत नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, मग त्याच्या आकड्याखाली आपला सरकवायचा. भाड्याच्या एका मागापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या स्वतःच्या टॉवेल कारखान्यापर्यंत मी याच सवयीवर पोचलो. तिची मला कधी लाज वाटली नव्हती. ती वाटायला एक जुनी शर्यतीची गाडी लागली.

गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी. छोटी, बंद टपाची, हलकी व्हावी म्हणून आतलं सगळं सामान काढलेली. एके काळी ती मद्रासकडच्या शर्यतीत धावायची. मी ती कोइमतूरच्या एका शेडमधून कोंबड्या हाकलून बाहेर काढली. इंजिन ठीक केलं तशी सरळ रस्त्यावर झकास पळायला लागली, पण वळणावर उसाच्या ट्रॉलीसारखी डुलायची.

तशीच ती मी पुण्याला जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात नेली. मैदानात लाल शंकू मांडले होते, त्यांच्यामधून वळणं घेत गाडी काढायची होती. मी तीन शंकू पाडले. आजोबांपासून घरात गाड्या असलेला एक गृहस्थ हसत म्हणाला, "गाडी उत्तम आहे हो. चालवणाराच गाडीपेक्षा जड आहे." सगळे हसले, मीही हसलो. ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

आमच्याच रस्त्यावर एक चाचा ट्रकचे पाटे बसवतात. पाटे म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर असतो. चाचा तरुणपणी शर्यतीच्या गाड्यांच्या गॅरेजात होते, हे मला उशिरा कळलं. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चारही कोपरे हातानं दाबून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, गाडी बिघडलेली न्हाय. हिला कुणी नीट बसवलीच न्हाय."

त्यांची पद्धत सावकाशीची. सपाट फरशीवर गाडी घ्यायची, दोन्ही अंगांनी दोरा ताणायचा, चारही चाकांवरची उंची खडूनं फरशीवर लिहायची. मग एका वेळी एकच पट्टी काढायची किंवा घालायची आणि पुन्हा सगळं मोजायचं. आणि हे सगळं करायचं ते गाडी चालवणारा माणूस सीटवर बसलेला असताना. त्याच्याशिवाय ते मापच धरत नाहीत.

"अर्धा दिवस बसावं लागंल," ते म्हणाले.

"अर्धा दिवस? माझे माग कोण बघणार?"

"मग वजन सांगा. तेवढ्या वजनाचं सुताचं पोतं ठेवतो तुमच्या जागी."

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं. "नक्की?"

"चाचा, माझं वजन मला ठाऊक नाही होय?"

माझं वजन शहाण्णव होतं. पुण्यातलं ते हसणं कानात असताना खरा आकडा तोंडातून निघेना. अठरा किलोंनी काय होतंय, असंही वाटलं. चाचांनी अठ्ठ्याहत्तर किलोंचं पोतं सीटवर बांधलं आणि चार दिवस त्या पोत्याच्या मापानं गाडी बसवली.

चाचणी रविवारी सकाळी, एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याच्या आवारात होती. माझे कामगार आले, ट्रकवाले आले, वीस-पंचवीस माणसं जमली. चाचा पांढरा सदरा घालून आले होते. पहिली दोन वळणं उजवीकडची. गाडी अशी वळली की मी आत एकटाच ओरडलो. तिसरं वळण डावीकडचं. उजव्या कोपऱ्यावर सगळा भार गेला, खाली खट् झालं आणि मागचा भाग एकदम सुटला. गाडी गर्रकन फिरून टायरांच्या ढिगावर आदळली. मला लागलं नाही. दार चेपलं.

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत नाही, पण तेवढं पुरलं.

"मारायला निघाला होतास का मला?" मी चाचांवर ओरडलो. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो. "ट्रकचे पाटे ठोकणारा माणूस तू, शर्यतीच्या गाडीला हात लावायची लायकी आहे का तुझी? उद्या एखाद्याचा ट्रक असाच उलटेल!"

चाचा गाडीखाली वाकून पाहून आले. "पाटा खाली टेकला, शेठ. भार जास्त झाला. एकदा काट्यावर उभं राहता का?"

मी त्यांना हातानं धक्का दिला. जोराचा नव्हता, पण दिला. मग तेवढ्यावर न थांबता कारखान्यात येऊन माझा माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला आणि सांगितलं, त्या म्हाताऱ्याकडे ट्रक पाठवू नका, नजर गेलीय त्याची. त्याचे अकरा ट्रक चाचांकडे यायचे.

दुसऱ्या दिवशी सुताच्या गाठी मोजायच्या काट्यावर मी उभा राहिलो. आजूबाजूला कुणी नाही हे आधी पाहिलं. शहाण्णव किलो, चारशे ग्रॅम. काटा माझाच, त्याच्याशी घासाघीस करता येत नव्हती. भाराचा फरक कुठून आला हे चाचांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि चारचौघांत त्यांनी मला खोटं पाडलं नव्हतं. फक्त काट्यावर उभं राहता का, एवढंच विचारलं होतं.

मी आठ दिवस गेलो नाही. दुकानासमोरून रोज जायचो. ट्रक उभे दिसत नव्हते. चाचा स्टुलावर बसून जुन्या पट्ट्यांचा गंज घासत असायचे.

शेवटी दुपारच्या नमाजानंतर दुकान रिकामं असतं हे बघून गेलो. वजन खोटं सांगितल्याचं कबूल केलं, माफी मागितली. चाचांनी ऐकून घेतलं.

"त्या दिवशी किती माणसं हुती, शेठ?"

"वीस-पंचवीस."

"आज?"

मी रिकाम्या दुकानात नजर फिरवली.

"शिवी चौकात आणि माफी कोपऱ्यात. बरं हाय की," ते म्हणाले आणि गंज घासायला लागले.

पुढच्या रविवारी मी त्याच लोकांना त्याच आवारात बोलावलं. काटा टेम्पोत घालून नेला आणि सगळ्यांसमोर त्यावर उभा राहिलो. एक ड्रायव्हर ओरडला, "शेठ, खिशातली पोती तरी काढा की!" मी हसून वेळ मारून नेणार होतो. तेवढ्यात चाचा म्हणाले, "हसू नंतर. आदी पुरं सांगा." मग मी पुरं सांगितलं: वजन, खोटेपणा, शिव्या, धक्का, फोन. आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू येत नव्हता. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी चाचांनी मला पाच तास सीटवर बसवलं, उजव्या मागच्या पाट्यात एक पट्टी वाढवली आणि गाडी डाव्या वळणावरही रेषेत गेली. ती कशी गेली ते बघायला ते थांबले नव्हते.

संध्याकाळी मी ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. तो त्या रविवारी आला नव्हता. चाचांची नजर शाबूत आहे, चूक माझी होती, ट्रक परत पाठवा, असं म्हणालो. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

"पंधरा दिवसांपूर्वी नजर गेली म्हणालात. आता आली म्हणता," तो म्हणाला. "आता ह्यातलं कुठलं खरं धरू?"

त्याचे ट्रक अजून दुसरीकडे जातात. मी दर सोमवारी त्याच्याकडे जाऊन बसतो. आता तो चहा मागवत नाही.