लाल चिंधीची शेवंती

काल कुंडीतल्या शेवंतीचा शेंडा खुडला आणि बोटांना तोच कडसर, कापरासारखा वास लागला. मी थेट तिगावला, सासरच्या परसात पोचले, ऐंशीच्या दशकातल्या, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात.

सासरे, म्हणजे आमचे मामाजी, रेल्वेत गँगमन. शेवंतीचं बी पेरून नवा रंग काढायचा त्यांना नाद. वाफा फुलला की एकेक फूल न्याहाळत आणि "सुंदर हाये, पण नवीन नाई," म्हणत रोप उपटून टाकत. त्या वर्षी मात्र एक रोप मनासारखं फुललं. पाकळी आतून तांब्याची, बाहेरून हळदीची. त्याला लाल चिंधी बांधून ते ड्युटीवर गेले.

माझं माहेर रामाकोन्याचं. आमच्या संत्र्याच्या बागेत चिंधी बांधलेलं झाड म्हणजे रोगट, काढून टाकायचं. मदत म्हणून मी ते रोप मुळासकट उपटून उन्हात फेकलं.

संध्याकाळी मामाजी ते कोमेजलेलं रोप हातात घेऊन खाली बसले. त्यांची चिंधी जपायच्या रोपाची होती हे तेव्हा कळलं आणि मी रडायला लागले. ते उठले, त्यांनी बुडाशी फुटलेले कोंब ब्लेडने कापून ओल्या रेतीत खोचले. त्यातले तीन जगले.

आज कुणाच्या हातून कप फुटला तरी माझा आवाज चढतो. त्यांची तर कित्येक हिवाळ्यांची मेहनत मी उपटली होती.

महिन्याभराने कोवळी मुळं दाखवत ते म्हणाले, "सुनबाई, माह्यापाशी तं एकच होतं. तुनं तीन करून देल्ले."