भागीकाकूंची परवानगी

दार सताड उघडं असलं तरी भागीकाकू उंबऱ्याबाहेर थांबायच्या. "येऊ का?" मग "बसू का?" पाण्याचा पेला पुढे केला तर "पिऊ का?" मी त्यांची वकील. कधी कधी वैतागून म्हणायची, "अहो काकू, किती विचारता!"

"इचारून केलेलं बरं, वकीलबाय. कुनी दुखावत न्हाय."

दिवेआगरला त्यांच्या वडिलांची सुपारीची वाडी होती. वडील गेले आणि दोघा भावांनी कोर्टातून आपापसात वाटणी करून घेतली. काकूंना कळलं ते सगळं उरकल्यावर. निकालाची नक्कल वाचता वाचता मी थबकलेच. बहीण लग्नाआधीच वारली, असं भावांनी कोर्टाला सांगितलं होतं! ते मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःचंच मनगट चाचपून पाहिलं.

"वादळात वाडी झोपली, तवा आडव्या पोफळी उचलायला मीच गेल्ते ना," त्या म्हणाल्या. "हक्क सोड म्हनले असते तर सोडला असता. पन इचारलंच न्हाय."

दाव्यात त्यांना सामीलच केलं नव्हतं, त्यामुळे अपील करायला आधी वरच्या कोर्टाची परवानगी लागणार होती. हे ऐकून मात्र त्या हसल्या. "परवानगी व्हय? ती मागायची सवय हाय मला."

सुनावणीला धाकटा भाऊ दामू आला होता. ही बाई कोण ते आमच्या पक्षकाराला ठाऊक नाही, असं त्याच्या वकिलानं ठोकून दिलं. जजसाहेबांनी दामूलाच पुढे बोलावून विचारलं. "न्हाय ओळखत," तो म्हणाला. काकू दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या, त्यानं तिकडे पाहिलंही नाही. कोर्टात खोटं मी रोज ऐकते, पण असं कधी ऐकलं नव्हतं.

काकू उठल्या. "साहेब, बोलू का?"

साहेबांनी मान हलवली.

"दामू, शिमग्याला पालखी आपल्या दारात आली, तवा देवीची ओटी कुनी भरली रं? सगळा गाव व्हता ना?"

"ताय, तू गप ऱ्हा!" दामू खेकसला. आणि आपण काय बोललो ते कळून पांढराफटक पडला.

परवानगी मिळाली. मी आनंदात पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला.

"वकीलबाय, भाऊबीजेला जाऊ का त्याच्याकडं?"

मला जा म्हणवेना, नको म्हणवेना.

दिवाळीनंतर त्या अपिलावर सही करायला आल्या. दार ढकलून थेट आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या. माझं "या" तोंडातच राहिलं.

"ताट घेऊन अंगनात उभी व्हते," त्या म्हणाल्या. "आत मानसं बोलत व्हती. निरांजन इजलं, तरी दार उघडलं न्हाय."

मग टेबलावरचं पेन त्यांनी आपणहून उचललं.

"सही कुठं करायची, दाखव."