सात शाळांची एक मोजपट्टी

वनजाक्षी मॅडम मुख्याध्यापिका होत्या त्या कागदावर. हेब्बैलच्या शाळेत त्या एकट्याच; घंटाही त्याच वाजवायच्या आणि पोरांची नाकंही त्याच पुसायच्या. तरी कर्नाटकातल्या आमच्या डोंगराळ मलनाडातल्या सात शाळांचे मुख्याध्यापक महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकत्र बसू लागले, ते याच बाईंमुळे. त्याआधी आम्ही भेटायचो ते कुणाच्या लग्नात, नाहीतर मयताला.

त्या कषायाचा, म्हणजे धणे-जिऱ्याच्या काढ्याचा, थर्मास घेऊन यायच्या. सातही शाळांना एकच मोजपट्टी, ही कल्पनाही त्यांचीच. तिसरीच्या मुलाने कधी न पाहिलेलं एक पान वाचायचं, आणि ऐकायला दुसऱ्या शाळेचा मुख्याध्यापक.

"आणि शाळा नापास झाली तर?" आमच्यातल्याच देवप्पा मेष्ट्रेंनी विचारलं. मेष्ट्रे म्हणजे आमच्याकडचे मास्तर.

"तर बाकीचे सहा मदतीला जातील. नापास होण्याचं भ्या पोरांना असू दे मेष्ट्रे, तुमचे केस पिकले आता!"

दोन वर्षं हे खरोखर चाललं. मग तालुक्याच्या कचेरीला या वाचनाच्या निकालांच्या आमच्या तक्त्याचा सुगावा लागला. साहेबांनी तोंडभर कौतुक केलं आणि वार्षिक तक्ता मागवला.

तपासणी आली की सहावी-सातवीतली हुशार मुलं तिसरीत बसवायची, ही आमच्याकडची जुनी खोड. मी तेच केलं. देवप्पांनी केलं, बाकीच्यांनीही केलं. मिसरूड फुटलेली तिसरी पाहून ऐकणाऱ्यांनी डोळे झाकले. माझ्या शाळेचा आकडा गेला, अठरापैकी अठरा.

हेब्बैलला ऐकायला मी गेलो होतो. अकरापैकी सहा मुलांनी वाचलं.

"मॅडम, दहा लिहितो."

"नको. मग उरलेल्या पाचांना शिकवायला कोण येणार?"

मी सहा लिहिले.

मे महिन्यात आदेश निघाला. सर्वांत मागे राहिलेली शाळा बंद, मुलं जवळच्या शाळेत. जवळची म्हणजे माझी, ओढ्यापलीकडे चार किलोमीटर.

"आपण सगळे मिळून कचेरीत जाऊ," मॅडम बैठकीत म्हणाल्या. "खरे आकडे सांगू. सातही शाळांचे खरे आकडे कळले तर एकट्या हेब्बैलला कुलूप लावता येणार नाही."

"तुमची एक बुडाली म्हणून सगळ्यांच्या बुडवायच्या का, मॅडम?" देवप्पा म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेरच्या पोफळी बघत बसलो. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते, आणि ती वाटून कुणाचं काही भलं झालेलं नाही. त्यानंतरच्या बैठकीला कुणीच आलं नाही.

जूनमध्ये मॅडम माझ्याच हाताखाली शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या तिसरीच्या अकरातली चारच मुलं ओढा ओलांडून आली. बाकीची कुठे गेली, हे आदेश काढणाऱ्यांनी विचारलं नाही. मीही चौकशी केली नाही.

पहिल्याच दिवशी त्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"मेष्ट्रे, चौथी मला दिलीत. तुमची अठराही वाचतात असं कागदावर आहे. त्यातली खरी किती? रागावून विचारत नाही. शिकवायला कुठून सुरुवात करायची, ते कळायला हवं."

"पाच," मी म्हणालो.

त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला, पहिलीची पुस्तकं मागितली आणि वर्गावर गेल्या.