नकाराची सोय नाही

बिबवेवाडीच्या बागेत सकाळी जे चार-पाच पेन्शनर बाकावर बसत, त्यांच्यात दीनानाथ खांबेटे यांच्या शेजारची जागा बहुधा रिकामी असे. माणूस वाईट नव्हता. पण शेजारी बसलेल्याला ते आधी बातमी वाचून दाखवत, मग तीत चूक कुणाची ते सांगत आणि शेवटी "तुमचं काय मत?" असं विचारत. मत सांगितलं की चूक त्याचीही निघे.

उभी नोकरी त्यांनी वजनमापं तपासण्यात घालवली होती. दुकानदार चहा मागवी; दीनानाथ चहा पीत आणि त्याचे पैसे गल्ल्याशेजारी ठेवून मग दंडाची पावती फाडत. दुकानदाराला दंडापेक्षा ते चहाचे पैसे जास्त लागत. तराजूत कुणी बोट घालायचं नाही, ना दुकानदाराच्या बाजूनं, ना गिऱ्हाइकाच्या, एवढंच त्यांचं अर्थशास्त्र होतं, आणि जगाला तेवढं पुरेसं आहे अशी त्यांची खात्री होती.

त्यामुळे दोन हजार आठच्या त्या पावसाळ्याअखेर अमेरिकेतल्या बँका धडाधड कोसळू लागल्या आणि तिथलं सरकार त्यांना पैसे देऊन उभं करू लागलं, तेव्हा दीनानाथांना हा अपमान स्वतःच्या घरात झाल्यासारखा वाटला.

"नफा झाला तेव्हा वाटायला बोलावलं होतं का?" ते बाकावर म्हणाले. "मग तोट्याला का बोलावता? बुडतोय ना, बुडू द्या. पाण्याचा गुण आहे तो."

"तुम्हाला कोण बोलावतंय?" रंगराव म्हणाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या रंगरावांना पाण्याच्या गुणांविषयी दीनानाथांपेक्षा जास्त माहिती होती, पण ते वाद वाढवत नसत. "पैसे अमेरिकेचे, बँक अमेरिकेची. तुम्ही पालकाची जुडी घेऊन घरी जा."

दीनानाथ घरी गेले तर तिथं पेढे होते.

"आमोदची बँक वाचली," बायको हेमा बशी पुढे करत म्हणाली. त्यांचा मुलगा आमोद हिंजवडीच्या एका कंपनीत होता आणि त्याचं सगळं काम एका अमेरिकन बँकेसाठी चाले. त्या बँकेला सरकारनं रात्रीतून पैसे दिले होते. म्हणून आमोद धायरीहून ऑफिसला जाता जाता चितळ्यांकडे नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून पेढे देऊन गेला होता.

"बेलआउटचे पेढे मी खाणार नाही."

"नका खाऊ. मोजून आणलेत. मला पुरतील."

त्या रविवारी आमोद आणि सून स्पृहा जेवायला आली, तेव्हा विषय निघायचा तो निघालाच. "बाबा, क्लायंट बुडाला असता तर मी बेंचवर गेलो असतो, बिनकामाच्या लोकांत," आमोद म्हणाला.

"जायचं बेंचवर. मी रोज बागेत बेंचवरच बसतो."

स्पृहा हसली, मग नवऱ्याचा चेहरा बघून थांबली. आमोदनं ताक संपवलं आणि त्यानंतर बापलेकांत अमेरिका हा विषय बंद झाला. खरं तर बँक वाचल्याची बातमी वाचताना दीनानाथांना हायसं वाटलं होतं. मुलाची नोकरी राहिली. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, उलट स्वतःवरच चिडून संपादकांना एक पत्र लिहिलं. 'बुडणाऱ्यास बुडू द्यावे, त्यातूनच बाजार शिकतो.' ते छापूनही आलं.

मग आपल्याकडेही मंदीचे वारे आले. सरकारनं उद्योगांना सवलती दिल्या, कर कमी केले, आणि त्याच सुमारास नव्या वेतन आयोगाची थकबाकी पेन्शनरांच्या खात्यात पडू लागली. लोकांच्या हातात पैसा गेला की ते खर्च करतील, ते खर्च करतील तर बाजार हलेल, असं वर्तमानपत्रं सांगू लागली. बागेतला बाक त्या सकाळी लग्नघरासारखा झाला होता. कुणी टीव्हीचं बोलत होतं, कुणी चारधामचं.

"मला बाजार हलवायचं यंत्र समजलेत का?" दीनानाथ म्हणाले.

"अहो, तुमच्या घामाचे पैसे आहेत," रंगराव म्हणाले.

"माझ्या घामाचे पैसे मला दर महिन्याला मिळाले. ठरलेले होते, तेवढे. आता घरी बसल्यावर मागच्या तारखेपासून माझा घाम महाग कसा झाला?"

बाक पुन्हा टीव्ही आणि चारधामकडे वळला. दीनानाथांनी मात्र ठरवलं. ही रक्कम परत करायची. हेमाला सांगण्याची गरज नव्हती, कारण ती काय म्हणेल ते त्यांना माहीत होतं.

पेन्शनच्या कचेरीत महिपती नावाचा कारकून होता. मान वर न करता तो म्हणाला, "हयातीचा दाखला नोव्हेंबरात. आत्ता नाही."

"दाखला नाही. पैसे परत करायचेत."

"जास्त जमा झाले?"

"बरोबर जमा झाले."

"दुसऱ्याचे आले?"

"माझेच आहेत."

"मग परत का करायचे?"

"मला ते तत्त्वतः मान्य नाहीत."

महिपतीनं पेन ठेवलं. शेजारच्या टेबलावरची बाईही टाइप करायची थांबली. "आजोबा, बसा आधी," महिपती म्हणाला. "पाणी घ्या. असं बघा, पैसे परत घ्यायला सरकारला कारण लागतं. जादा दिले, हे एक कारण आहे. चुकून दिले, हे दुसरं. तत्त्वतः असं कारण नाही."

"मग मी करायचं काय?"

"काही नाही. तुम्ही गेलात की पुढचे आपोआप थांबतील."

"कुठे गेलो की?"

महिपतीनं छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, पण त्याला पंखा म्हणायचं नव्हतं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "घरी कुणी त्रास देतं का? पैशासाठी? मोकळेपणानं सांगा. मुलाचा नंबर काय?"

खोटं बोलायची सवय नसल्यानं दीनानाथांनी नंबर बरोबर सांगितला. महिपतीनं फोन लावला आणि "वडील इथं आहेत, जरा गोंधळलेत" असं सांगितलं. दीनानाथांना चहा आला. त्याचे पैसे घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा ते खरोखरच गोंधळले.

आमोद पोचला तो चहा निवायच्या आत. हिंजवडीहून इतक्या लवकर कुणी येऊ शकत नाही. शिवाय मंगळवार होता आणि त्याच्या अंगात टी-शर्ट, पायात चपला होत्या.

"आज सुट्टी?" दीनानाथांनी विचारलं.

"चला, बाहेर बोलू."

कचेरीसमोरच्या अमृततुल्यात आमोदनं सांगितलं ते असं. बँक वाचली होती. पण सरकारी पैशावर वाचली, म्हणून तिकडे ओरड झाली की आमच्या करांतून जगता आणि काम परदेशी देता? बँकेनं भारतातलं काम बंद केलं. आमोद आधी बेंचवर गेला, मग घरी.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"हेमाला माहितीय?"

"आईला पहिल्या दिवशी सांगितलं."

"आणि मला?"

"तुम्ही आर्ग्युमेंट जिंकला असता," आमोद म्हणाला.

'मी म्हणालो होतो' हे शब्द दीनानाथांच्या दातांपर्यंत आले होते. जन्मभर ते याच वाक्यासाठी जगत आले होते, असं हेमाचं म्हणणं होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. आपण इतके बरोबर ठरलो आणि तरी इतकं वाईट वाटावं, याचा त्यांना हिशेब लागेना.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "थकबाकी आलीय. धायरीच्या फ्लॅटचे हप्ते त्यातून जातील."

"बाबा, हे बेलआउट झालं."

"बेलआउट कसलं? हे घर आहे."

"आमच्या क्लायंटचा चेअरमनही असंच काहीतरी म्हणाला असणार."

"तात्पुरतं आहे रे. तुझा पाया भक्कम आहे, फक्त वेळ वाईट आहे." बोलता बोलता दीनानाथ चपापले. हेच वाक्य, याच क्रमानं, अर्थमंत्री बोलले होते, तेव्हा यांनी पेपर चुरगळून टाकला होता. तरी ते थांबले नाहीत. "तू कोसळलास तर त्याचा परिणाम आमच्यावरही होणार. स्पृहावर होणार. शिवाय मी अटी घालीन."

"अटी तिकडेही होत्या." आमोद आता हसत होता, पण मान हलत नव्हती. "बुडणाऱ्यास बुडू द्यावे, त्यातूनच बाजार शिकतो. तुमचंच पत्र. आईनं फ्रिजवर लावलंय. मला शिकू द्या."

दीनानाथांनी अर्धा तास विनवण्या केल्या. सरकार घेईना, मुलगा घेईना. पैसे घ्यायला माणूस मिळू नये अशी पाळी पुण्यात दुसऱ्या कुणावर आली असेल असं त्यांना वाटेना.

तोडगा हेमानं काढला आणि त्याला नाव दिलं नाही. धायरीचा फ्लॅट भाड्यानं गेला, भाड्यात हप्ता निघू लागला, आणि आमोद-स्पृहा बिबवेवाडीला राहायला आली. "थोडे दिवस राहायला आलीत," एवढंच ती शेजारी सांगे. पूर्वी पालकाची एक जुडी आणणारे दीनानाथ आता दोन पिशव्या ओढत येऊ लागले. स्पृहाला आवडतात म्हणून अंजिरं, आमोदला लागतं म्हणून चीज. जुन्या फ्रिजमध्ये हे मावेना, तेव्हा हेमानं थकबाकीतून मोठा फ्रिज घेतला आणि तो घरात आल्यावर नवऱ्याला कळवलं. पत्राचं कात्रण नव्या दारावर पुन्हा चिकटवलं.

"मागणी वाढलेली दिसतेय," पिशव्यांकडे बघत रंगराव म्हणाले.

"माणसं वाढलीत," दीनानाथ म्हणाले आणि त्या दिवशी बातमी न वाचताच उठले.

आमोद घरी होता त्या महिन्यांत बापलेक संध्याकाळी बुद्धिबळ खेळत. आमोद हरायला आला की दीनानाथ एखादी चाल परत घेऊ देत. शाळेत असताना त्यांनी ती कधी घेऊ दिली नव्हती. दिवाळीनंतर त्याला कोथरूडच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं, पगार आधीपेक्षा बराच कमी. भाडेकरू गेल्यावर दोघं धायरीला परतली. मोठा फ्रिज अर्धा रिकामा राहिला आणि त्याचा आवाज घरभर ऐकू येऊ लागला.

जानेवारीत सरकारनं कुठल्याशा आजारी कारखान्याला मदत जाहीर केली. दीनानाथांनी पुन्हा पत्र लिहिलं, पहिल्याइतकंच कडक. फक्त शेवटी एक वाक्य घातलं, 'अर्थात काही प्रसंगी अपवाद करावा लागतो.' पत्र छापून आलं. ते वाक्य संपादकांनी जागेअभावी गाळलं होतं.