लॉकरच्या दारावरच्या टिकल्या

लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मी टिकली लावणं सोडलं. त्यात बंडबिंड काही नव्हतं. विमानात देतात त्या जेवणाचे ट्रे भरायच्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि तिथे अंगावर सुटं काही चालत नाही. अंगठी, बांगडी, टिकली, काहीही कुणाच्या पुडिंगमध्ये पडू शकतं. पुढे मी हायजीन सुपरवायझर झाले. म्हणजे दारात उभं राहून दुसऱ्यांच्या बांगड्या काढायला लावणं हे माझं कामच झालं.

माझ्या शिफ्टला लाहोरची एक बाई होती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मला बाजी म्हणायची, म्हणजे ताई. आम्ही बोलायचो त्या भाषेला मी हिंदी म्हणायचे आणि ती उर्दू. सहा वर्षांत यावर आमचं एकमत झालं नाही. सकाळच्या बसला ती माझ्याआधी दोन स्टॉप चढायची आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून माझी जागा धरायची. बसमध्ये फार बोलणं होत नसे. ती सासूबद्दल एक वाक्य टाकायची, मी नवऱ्याबद्दल एक. मग दोघी डोळे मिटून घ्यायचो.

त्या उन्हाळ्यात लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि एका बसमध्ये बॉम्ब फुटले. माणसं मेली. करणारे इथेच वाढलेले मुसलमान तरुण निघाले आणि टीव्हीवर चर्चा सुरू झाल्या, त्या थांबेचनात. आमच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही कायम चालू असायचा. चार माणसं अर्धगोल बसलेली, त्यात एक दाढीवाला, आणि त्याला प्रत्येक जण विचारणार, तुमचा समाज निषेध का करत नाही? तो निषेध करायचा. मग पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्या दाढीवाल्याला तेच. कॅन्टीनमधली माणसंही मग डबा उघडता उघडता तिच्याकडे वळायची. वाईट हेतूने नाही, उत्सुकतेने.

"तुला काय वाटतं?" एकदा पॅकिंगचा मॅनेजर म्हणाला.

"मला वाटतं चहात साखर कमी आहे," ती म्हणाली.

आमच्या महाराष्ट्र मंडळातही दुसरं काही चाललं नव्हतं. गणपतीच्या मीटिंगला हॉलचं बुकिंग राहिलं बाजूला आणि एक काका उठून म्हणाले, "या गोऱ्यांना आपण सगळे सारखेच दिसतो. आपण वेगळे आहोत हे दिसायला पाहिजे. बायकांनी निदान टिकली लावावी." कुणी हसलं नाही. बेसिंगस्टोकला आयटीत नोकरी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने घरी येऊन तेच सांगितलं. "सेफ साइड म्हणून लाव. बसने जातेस."

मी वाद घातला नाही. वाद घालायला शक्ती लागते. पुण्याहून आणलेलं टिकल्यांचं पाकीट खणात पडून होतं, ते काढलं. चौदा वर्षांची लेक दारात उभी राहून बघत होती.

"आई, तुला तर त्याने खाज येते ना?"

"येते."

"म्हणजे तू कपाळावर लिहिलंस, 'मी नाही, ती'."

"शाळेला उशीर होतोय," मी म्हटलं.

टिकली बसपुरती. कारखान्यात शिरण्याआधी ती काढायची, हा नियम मीच लोकांना सांगत होते. आमच्या बायका टिकली टाकत नाहीत, आरशाला चिकटवतात. मी लॉकरच्या दाराला आतून चिकटवायला लागले. दुपारी निघताना तीच परत लावायची म्हणून. पण कपाळाला ती परत धड चिकटायची नाही, मग दारावरच राहायची, दुसऱ्या दिवशी नवी. दोन आठवड्यांत दारावर दहा-अकरा लाल ठिपके झाले. तिचा लॉकर माझ्या शेजारचा.

"ही कसली हजेरी, बाजी?" तिने विचारलं.

"सण आहे आमच्यात."

"मोठा दिसतोय सण," ती म्हणाली आणि हेअरनेट नीट करत आत गेली.

बसमध्ये ती आता पिशवी मांडीवर घेऊन बसायची. मी एकदा नुसतं पिशवीकडे बघितलं तर म्हणाली, "आता धरावी लागत नाही. कुणी बसतच नाही." बस भरलेली होती. लोक दांडा धरून उभे होते.

सप्टेंबरात सगळ्यांचे विमानतळाचे पास नव्याने तपासायला घेतले. कारखाना विमानतळाच्या हद्दीत, त्यामुळे पास नाही तर काम नाही. प्रत्येकाने नात्यात नसलेल्या दोन माणसांच्या सह्या आणायच्या, निदान पाच वर्षं ओळखणाऱ्या. तिच्या नवऱ्याची पाठ गेलेली होती, तो घरीच असायचा. घर तिच्या नोकरीवर चालायचं. एक सही तिच्या मुलाच्या जुन्या टीचरने दिली होती. दुसरीसाठी सोमवारी तिने फॉर्म माझ्या हातात दिला. "शुक्रवारी द्यायचाय. तुम्ही सोडून पाच वर्षं मला कोण ओळखतं इथे? सासू ओळखते, पण ती सही करणार नाही."

मी हसून फॉर्म पर्समध्ये टाकला.

नवरा जेवताना म्हणाला, "आपले सिटिझनशिपचे पेपर सरकारकडे गेलेत. आत्ता कुणासाठी नाव घालू नकोस."

"सहा वर्षं ओळखते मी तिला."

"तिला ओळखतेस. तिच्या भावांना ओळखतेस? दिरांना? उद्या कुणी काही केलं तर पहिला फोन आपल्याकडे."

त्याचं म्हणणं मला पटलं नाही, पण मी फॉर्मही काढला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. बसमध्ये ती शेजारी बसायची आणि विचारायची नाही. न विचारण्याचंच मला जास्त ओझं व्हायचं. इतर वेळी मी कुणाचं काम दोन दिवस अडकवून ठेवणारी बाई नाही. लायनीवर कुणी असं केलं तर मी त्याला दारातच फैलावर घेतलं असतं.

गुरुवारी सकाळी लॉकर उघडला आणि कपाळावरची काढून चिकटवायला जागा शोधू लागले. दार भरलं होतं. तशीच टिकली बोटावर घेऊन उभी राहिले. मग ती कचऱ्यात टाकली, बाकावर बसले आणि फॉर्म भरला. ओळख कशी, या रकान्यात लिहिलं, एक शिफ्ट, एक बस, सहा वर्षं. नवऱ्याला सांगितलं ते सही करून झाल्यावर. तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मला तेवढीच विश्रांती.

तिला फॉर्म दिला तेव्हा तिने तारीख बघितली. "आज केलीत?"

"आज केली."

"ठीक आहे." तिने घडी घातली. मला माफी मागायची होती, पण ती हात धुवायला वळली होती आणि शिफ्ट सुरू झाली होती.

दहा दिवसांनी मला फोन आला. पडताळणीच्या ऑफिसातली बाई, आवाज सभ्य, थकलेला. दिवसभर हेच विचारत असणार. किती वर्षं ओळखता, घरी जाता का, कामात कशी आहे. शेवटी म्हणाली, "गेल्या काही महिन्यांत तिच्या वागण्यात, पेहरावात काही बदल जाणवला?"

मी दाराला चिकटलेल्या टिकल्यांचा विचार केला. पेहराव बदलला होता तो माझा. ते कुणी विचारत नव्हतं, आणि कळलं असतं तरी त्यासाठी कुणी फोन केला नसता.

"नाही," मी म्हटलं. "तिच्यात काहीच नाही."

पास यायला पाच आठवडे लागले. तोवर तिला आत घेता येईना, ती घरी बसली. शुक्रवारऐवजी मंगळवारीच फॉर्म गेला असता तर लवकर झालं असतं का, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही, तिने विषय काढला नाही. बसमध्ये मी एकटी बसायचे आणि माझ्या शेजारी लोक बसायचे.

ती परत आली तेव्हा नवा पास गळ्यात होता. "फोटो बघा," ती म्हणाली. "आता मलाच माझी भीती वाटते." मी टिकल्यांचं पाकीट लेकीला देऊन टाकलं होतं, तिला शाळेतल्या कसल्याशा प्रोजेक्टला लागत होतं. लॉकरचं दार मी गरम पाण्याने पुसलं, तरी गोंदाचे गोल राहिले. ते तिला दिसत होते.

हिवाळ्यात एका सकाळी बसमध्ये चढले तर तिच्या शेजारी एक जाडजूड गोरे आजोबा बसलेले, पेपर पसरून. तिची पिशवी मांडीवर. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे मी काय करू? विमानतळापर्यंत मी दांडा धरून उभी राहिले. पाय दुखत होते.

दुसऱ्या दिवशी सीटवर पिशवी होती.