पाच घरचं बी

ज्याच्या घरात पुस्तक म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, त्यानं लिहायला बसणं हे जरा जास्तच झालं. त्याबद्दल आधीच माफी मागतो. मला सजवून सांगता येत नाही. पण यातली चूक माझी आहे, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून जवळ. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी ज्या मॅडमकडे माझा प्रकल्प होता, त्या गावोगावच्या जुन्या ज्वारीचा संग्रह करत होत्या. प्रत्येक वाणाची रोपं वाढवायची, कोवळ्या पानांतून डीएनए काढायचा, तो वाचायचा आणि ती माहिती सगळ्या संशोधकांसाठी खुली ठेवायची. उद्या कुणाला कमी पाण्यात तग धरणारी ज्वारी तयार करायची असेल, तर तो गुण कुठल्या वाणात आहे हे तिथे शोधता यावं, असा हेतू. यादीत थोड्याच जागा उरल्या होत्या. मी वर्गात सहसा बोलत नसे, पण त्या दिवशी हात वर केला.

"मॅडम, आमच्या आईकडे हुरड्याची ज्वारी आहे. पाऊस दगा देतो तेव्हाही ती उभी राहते."

मायनं फडक्यात बांधून बी दिलं. अर्जात बियाण्याच्या माहितीपुढे मी लिहून टाकलं: एकाच घरचं, कधीही न मिसळलेलं. मायला विचारलंसुद्धा नाही.

दहा रोपं तपासली गेली. मॅडमनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक रोपाचा एक ठिपका होता. एका वाणाच्या रोपांचे ठिपके एका जागी दाटीनं दिसतात. माझे चारी दिशांना पांगले होते.

"हे वाण नाही रे, गावजेवण आहे," त्या हसून म्हणाल्या. मग हसू थांबलं. "पंधरा दिवसांत न मिसळलेलं बी आण. नाहीतर ही जागा दुसऱ्या गावाला द्यावी लागेल."

मी बाहेर येऊन फोन लावला.

"माय, बी कुणाकुणाचं होतं?"

"पाच घरचं. अन् कुणाचं?"

"मी आपलं मागितलं होतं."

"आपलं हायेच की त्यात! बी असं एकटं धाडत न्हाईत, लेका. पोरीच्या ओटीत घालायचं तरी पाच घरची मूठ घेतो. तू तर एवढ्या लांब घेऊन जाऊन राह्यल्तास. मंग?"

हा रिवाज मला माहीत नव्हता असं नाही. लहानपणी वाटी घेऊन पाच दारं मीच फिरलो होतो. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढताना बहुतेक तोही बाहेर राहिला.

शनिवारी परतूरला रेल्वेतून उतरून एसटीनं घरी गेलो. मायच्या डब्यातलं बीही मिसळलेलंच निघालं, कारण पाच घरचं उरलेलं ती दर वर्षी त्यातच ओतायची.

"नुसतं आपलं असं कुठंच न्हाई का?"

मायनं डब्याचं झाकण लावलं. "खालाकडं असंल. त्या इथं नवीन आल्त्या तवा मी कणसांची जुडी दिल्ती. तवा मी उरलेलं डब्यात ओतत नव्हते."

खाला म्हणजे शेजारच्या शिंप्याची बायको. त्यांचा जमिनीचा तुकडा ओढ्यापलीकडे, बाकीच्यांच्या ज्वारीपासून दूर, वाऱ्यानं पराग येऊन मिसळणार नाहीत इतका. मी आणि माय त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी आढ्याला टांगलेली जुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"तेरी माँ काच बी है, बेटा. हर साल इसीच में से बोती, इसीच में से रखती. किसी का मिलाई नहीं."

"का नाही मिसळलं?"

"पाँच घर का रिवाज तुम लोगां का. मेरेकू किसीने बोला नहीं, मैं भी आगे हुई नहीं."

माय एकदम म्हणाली, "माझ्या शेतातला हुरडा खायला कधी बोलावणं लागलं न्हाई, अन् ह्यालाच लागलं व्हय!"

"हुरडा तो तेरा बेटा घर पे ला के देता था. मैं कब माँगने आई?"

दोघी हसल्या. हसू संपल्यावर मायची नजर मात्र जुडीवरच राहिली. एकच कणीस घेऊन आम्ही घरी आलो. ते मी वर्तमानपत्रात गुंडाळत होतो, तेवढ्यात तिचा हात सवयीनं आपल्या डब्याकडे गेला.

"एक मूठ तरी..."

"न्हाई माय. बिलकुल न्हाई."

नव्या अर्जात मी सगळं खरं लिहिलं. पहिल्या अर्जातलं वाक्य न विचारता लिहिलं होतं, तेही कबूल केलं. बी आईचं, जपलं शेजारणीनं. देणाऱ्याच्या रकान्यात दोन नावं चालतील का, असं खाली विचारलं. लाज वाटली, पण या खेपेला भीती नव्हती. खालांचा शब्द आणि ओढ्यापलीकडचं ते रान, दोन्हींवर माझा भरवसा होता.

आठवडे गेले. पुढच्या सुट्टीत परतूरच्या फलाटावर उतरत होतो तेव्हा मॅडमचा निरोप आला: "दहाही रोपं एका जागी. आपल्या संग्रहातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्वारीशी जुळत नाहीत. वाण यादीत घेतलं. दोन्ही नावं लिहिली आहेत."